जनावरांनाच पाजायचंय ना?

"जनावरांनाच पाजायचंय ना? मग चालतंय की!" पाण्याच्या टँकरवाल्याचं हे वाक्य गेली पाच वर्षं ऐकतोय. आता परत बोलला तर त्याचंच तोंड त्याच्या पाइपाखाली धरणार आहे.

मांजरी गावात माझा तबेला. वरातीच्या दोन घोड्या. मोठी बाहेरून आणलेली. धाकटी तिचंच शिंगरू, इथंच जन्मलं, याच हौदावर वाढलं. आता चार वर्षांची झाली. दुधाचे दात पडून नवे आले ते तपकिरी पट्टे आणि खड्डे घेऊनच. आईचे दात मात्र स्वच्छ, कारण ते इथं यायच्या आधीच तयार झाले होते. पण सुटली तीही नाही. सकाळी पाय ताठ, पहिली दहा पावलं लंगडत, पुढच्या पायाच्या नळीच्या हाडावर सुपारीएवढी टणक गाठ.

नालबंद म्हणाला, खिळा चुकला. (ठोकला कोणी होता, बाबा?) तीनदा नाल बदलली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी धाकटीचा ओठ वर केला, दात बघितले आणि एवढंच विचारलं, "पाणी कुठलं?"

हेच मी टँकरवाल्याला विचारलं तर साहेबांना राग! "बोअरचं." कुठल्या बोअरचं? "चांगल्या."

चांगल्या! तपासून आणलं, फ्लोराइड लिटरमागे ३.८ मिलिग्रॅम. माणसांच्या पाण्यात १.५ च्या वर चालत नाही. घोडी दिवसाला ३०-४० लिटर पिते, एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त. पोटात गेलेलं फ्लोराइड सगळं बाहेर पडत नाही, वाढत्या दातांत आणि हाडांत साठत जातं. आणि पाणी दिसायला कसं, तर नितळ! वास नाही, काही नाही.

वर सल्ले देणारे आहेतच. "उकळून द्या." अहो, उकळल्यावर पाणी उडतं, फ्लोराइड नाही! उरलेलं आणखी जहाल होतं. "तुरटी फिरवा." नुसती फिरवून काय होणार? नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने फ्लोराइड कमी करायला काढलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना मापून घालावा लागतो, ढवळावं लागतं, गाळ बसू द्यावा लागतो. "आरओ लावा." घोडी काय ओट्यापाशी नेऊन उभी करू?

धाकटीच्या दातांवरचे डाग आता जायचे नाहीत. मोठीला या सीझनला वरातीत काढलीच नाही. मेहुण्याच्या नळावरून स्कूटरवर वीस-वीस लिटरचे दोन कॅन, दिवसाला दोन खेपा, कंबर गेली माझी.

काल त्याच टँकरवाल्याने रस्त्यात गाठलं. वाटलं, घोडीची चौकशी करेल. "शेठ, मागच्या महिन्याचे पैसे राहिलेत."