सोळावी दुरुस्ती आणि आईचं जॉइंट खातं

अमेरिकेतल्या मराठी माणसाला एप्रिल उजाडला की घटनेचा पुळका येतो. एरवी घटनेशी त्याचं काही देणंघेणं नसतं. पण टेन-फॉर्टीच्या, म्हणजे इथल्या वार्षिक टॅक्स रिटर्नच्या फॉर्मच्या, ३७व्या ओळीत, म्हणजे ‘अजून किती भरायचे’ त्या रकान्यात, चार आकडी रक्कम उमटली की कुणीतरी पोहे खाता खाता म्हणतंच, "अहो, हा फेडरल इन्कम टॅक्स मुळात घटनाबाह्य आहे!" मला टॅक्समधलं कळतं असा समज असल्यामुळे हे माझ्याकडे रोखून बघत म्हटलं जातं.

पंचाईत अशी की हे वाक्य एकेकाळी बरंचसं खरं होतं. १८९५ साली.

मूळ घटनेने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, कर लावायचा अधिकार दिला, पण अट घातली: ‘डायरेक्ट’ कर राज्यांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून वसूल करायचा. डायरेक्ट म्हणजे नेमका कोणता, हे लिहायचं राहूनच गेलं. यादवी युद्धाचा खर्च भागवायला १८६१ मध्ये ८०० डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर तीन टक्के कर आला, १८७२ मध्ये तो बंद झाला. १८९४ मध्ये ४,००० डॉलरच्या वर दोन टक्के लावला, तर पुढच्याच वर्षी पोलॉक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो उडवला. भाडं, व्याज, लाभांश यांवरचा कर डायरेक्ट आहे, वाटणी करून आणा, असं कोर्टाचं म्हणणं.

वाटणी करायची तर काय होतं ते बघा. दोन राज्यं घ्या, दोन्हीकडे लोकसंख्या सारखी, म्हणून दोघांच्या वाट्याला दहा-दहा लाख डॉलर कर. एका राज्याचं एकूण उत्पन्न दहा कोटी, दुसऱ्याचं दोन कोटी. म्हणजे श्रीमंतांना एक टक्का आणि गरिबांना पाच! असा कर कुठलाही पुढारी निवडणुकीच्या आधी लावणार नाही, नंतरही नाही. आणि पोह्यांच्या बशीपाशी सांगूनही उपयोग नसतो, पण पगारावरच्या कराला कोर्टाने तेव्हाही डायरेक्ट म्हटलं नव्हतं. त्या न्यायाने आपला डब्ल्यू-टू, म्हणजे पगाराचा दाखला, १८९५ मध्येसुद्धा सुटला नसता.

मग सोळावी घटनादुरुस्ती आली. ३ फेब्रुवारी १९१३ रोजी अठ्ठेचाळीसपैकी छत्तिसावं राज्य म्हणून डेलावेअरने होकार दिला आणि विषय संपला. इंग्रजीत मोजून तीस शब्द: उत्पन्न कुठूनही येवो, वाटणी न करता, जनगणना न बघता काँग्रेसने कर घ्यावा. सुरुवातीचा दर एक टक्का, तोही एकट्या माणसाला ३,००० डॉलरच्या वर. सर्वांत श्रीमंताला सात टक्के. टेन-फॉर्टी सूचनांसकट चार पानांचा. त्या चार पानांचं पुढे काय झालं ते सांगायला नको.

विषय संपला, पण हौस संपली नाही. सर्वांत लाडका मुद्दा ओहायोचा. ओहायो १८०३ पासून राज्य आहे, पण प्रवेशाचा रीतसर ठराव काँग्रेसने १९५३ मध्ये केला, तोही १८०३ पासून लागू समजून. म्हणून म्हणे दुरुस्तीच्या वेळचे अध्यक्ष, ओहायोचे टाफ्ट, हे अध्यक्षच नव्हते आणि दुरुस्ती रद्दबातल! सातबाऱ्यावर नाव चढायला दीडशे वर्षं लागली म्हणून आजोबांनी जमीन कसलीच नाही, असं म्हणण्यापैकी हे. शिवाय ओहायो वगळलं तरी पुरेशी राज्यं उरतातच. असले मुद्दे रिटर्नमध्ये लिहून पाठवले तर ५,००० डॉलर दंड, कराव्यतिरिक्त.

रिटर्न भरणं सोडून दिलेल्या जॉन चीक नावाच्या वैमानिकाचा खटला तर फारच गोड. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कायदा किचकट आहे, तो खरोखर कळला नसेल तर तो बचाव होऊ शकतो. पण ‘कायदा घटनाबाह्य आहे’ हा बचाव नाही, कारण त्यावरून कायदा नीट वाचल्याचंच सिद्ध होतं. अज्ञानाला सवलत आणि अभ्यासाला शिक्षा! फेरसुनावणीत चीकना पुन्हा दोषी ठरवलं गेलं.

२०२४ मध्ये मूर दांपत्य सोळाव्या दुरुस्तीचा आधार घेऊनच सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यांचे पैसे होते बंगळुरूच्या किसानक्राफ्टमध्ये, छोट्या शेतकऱ्यांना अवजारं पुरवणाऱ्या कंपनीत. हातात दमडी आली नाही तरी कंपनीच्या नफ्यातल्या हिश्श्यावर १४,७२९ डॉलर कर लागला. सात विरुद्ध दोन मतांनी हरले.

खरा छळ घटनेत नाहीच, तो टेन-फॉर्टीला जोडायच्या शेड्यूल बी या व्याज-लाभांशाच्या पुरवणीच्या तिसऱ्या भागात आहे. ओळ ७ए: परदेशात तुमचं खातं आहे का, किंवा कुठल्या खात्यावर सही चालते का? इथे मंडळी बिनधास्त ‘नाही’ ठोकतात. आईच्या एफडीवर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणून आपलं नाव आहे हे आठवत नाही, कारण "ते पैसे आईचे ना!" पैसे आईचेच, पण एफबारमध्ये, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती द्यायच्या फॉर्ममध्ये, खातं पूर्ण रकमेनिशी आपलंही. सगळ्या खात्यांच्या वर्षातल्या कमाल शिलकांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली की फॉर्म लागू. बचत खात्यातले ६,००० काढून त्यांचीच एफडी केली तर ६,००० आणि ६,००० मिळून १२,०००. पैसा तेवढाच, पण धरायचा दोनदा. रुपयांचे डॉलर अमेरिकी अर्थखात्याच्या (ट्रेझरी) ३१ डिसेंबरच्या दराने करायचे, आणि हा फॉर्म टॅक्स रिटर्नबरोबर जात नाही, वेगळ्या संकेतस्थळावर भरायचा.

व्याजाचं दुखणं निराळंच. एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या, एफडीचं व्याज भारतात करमुक्त, म्हणून इथेही करमुक्त असा गोड गैरसमज असतो. इथे राहणाऱ्याला ते इथे दाखवावंच लागतं. बँकेचा दाखला मात्र एप्रिल ते मार्चचा आणि इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे दोन दाखले आणून एकातले शेवटचे तीन महिने आणि दुसऱ्यातले पहिले नऊ जोडायचे. शाखेत फोन करून कॅलेंडर वर्षाचा दाखला मागितला, तर "मिळेल ना साहेब" म्हणून पुन्हा एप्रिल ते मार्चचाच येतो. भारतात म्युच्युअल फंड असतील तर साधारणपणे फंडागणिक एक ८६२१ नंबरचा फॉर्म. तो फॉर्म पाहिला की ओहायोवाल्यांविषयी मलाही थोडी सहानुभूती वाटते.

तेव्हा निषेध म्हणून रिटर्नच न भरणं हा सर्वांत महागडा मार्ग. थकलेल्या करावर रिटर्न न भरल्याचा दंड दरमहा पाच टक्के, पैसे न भरल्याचा अर्धा टक्का. खिशात पैसे नसले तरी कागद पाठवा. तोही जमत नसेल तर १५ एप्रिलच्या आत ४८६८ हा मुदतवाढीचा फॉर्म भरा, १५ ऑक्टोबरपर्यंत सवड मिळते. सवड कागदांना, पैशांना नाही. अंदाजाने होईल तेवढी रक्कम आत्ताच भरायची. मुदतवाढ का हवी हे तो फॉर्म विचारत नाही, त्यामुळे ओहायोबद्दल लिहायला त्यात जागाच ठेवलेली नाही.