‘लपतछपत जाणे’ एवढ्यावर भागत नाही

आठवीला इंग्रजी शिकवते. परवा एका मुलीची वही तपासत होते. स्नीक : लपतछपत जाणे. स्लिंक : लपतछपत जाणे. स्कल्क, प्राउल, पुढे तेच. खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात, “मग चार शब्द कशाला?”

पोरीचं बरोबर आहे. चूक आमची, फळ्यावर असे अर्थ लिहून देणाऱ्यांची.

दुसऱ्या दिवशी वर्गात आमच्या मनीबद्दल बोलले. अंगणात साळुंकी दाणे टिपतेय, मनी पोट जमिनीला टेकवून एकेक पाऊल पुढे सरकतेय, मध्येच एक पाय उचलून तसाच अधांतरी धरून थांबते. ती स्टॉक (stalk) करतेय. तुळशीमागे दबा धरून बसली तर लर्क. रात्री काही गावतंय का बघत आवारभर फिरते, ते प्राउल. आणि दुधाच्या पातेल्यापाशी सापडल्यावर मान खाली घालून भिंतीच्या कडेकडेनं निघून जाते ना, ते स्लिंक. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सरपटणं असाच होता. वर्गाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

स्कल्क माझा विशेष आवडता. तो स्कँडिनेव्हियाकडून इंग्रजीत आला. डॅनिशमध्ये ‘स्कुल्के’ म्हणजे आजही शाळेला दांडी मारणं. इंग्रजीत त्याचे अर्थ दोन : काम टाळणं आणि कुणाच्या नजरेस न पडता वावरणं. आपल्याकडे हे दोन्ही एकाच ठिकाणी आहे, ‘अंग चोरणं’. कामातही अंग चोरतात आणि वाटेनं जातानाही अंग चोरून जातात. शब्दकोशातल्या ‘लपतछपत’पेक्षा हे कितीतरी नेमकं आहे, आणि मुलांना ते घरातूनच येतं. तीच गोष्ट ‘स्टेल्थ’ची. रडारला चकवणाऱ्या विमानाला लावतात त्या शब्दाचा मूळ अर्थ चोरी. आपण ‘चोरपावलांनी’ म्हणतोच की.

पण एका शब्दाचं मला फार लागतं. 2013 मध्ये स्टॉकिंग हा आपल्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा झाला, भारतीय न्याय संहितेत तो कलम 78 मध्ये आहे. बातम्यांत त्याला सर्रास ‘पाठलाग’ म्हणतात. पाठलाग म्हटलं की पुढे एक पळतोय, मागे दुसरा धावतोय, असंच डोळ्यांपुढे येतं. या गुन्ह्यात धावणं लागतच नाही. मुलगी नको म्हणत असताना पुन्हा पुन्हा गाठायला बघणं, ती इंटरनेटवर काय करते यावर नजर ठेवणं, हे सगळं त्यात येतं. याला मराठीत ‘मागावर असणं’ आहे, ‘पाळत ठेवणं’ आहे. हे शब्द का वापरत नाही आपण?

काही वर्षांपूर्वी वर्गात मी मुलींना विचारलं होतं, “कुणी तुमचा पाठलाग करतं का?” कुणीच हात वर केला नाही. महिन्याभरानं त्यांतली एक जण तास संपल्यावर थांबली. म्हणाली, “बाई, तो पाठलाग नाही करत. नुसता असतो तिथे. रोज.” त्याच संध्याकाळी तिच्या आईला फोन केला. तो महिना अजून माझ्या मनातून जात नाही.