दुकानात धावणारे वडील

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी जमत नाही, असं सर्रास बोललं जातं. मी ठाण्याजवळच्या कळव्यात संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. माझं ठाम मत आहे की यात मुलांचा दोष फार थोडा आहे. खरा घोळ घालते ती त्यांच्या वहीतली शब्दार्थांची यादी. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एकच मराठी शब्द. रन म्हणजे धावणे. पाठ करा, पुढे चला.

मध्यंतरी नववीतल्या एका मुलाने 'हिज फादर रन्स अ स्मॉल शॉप निअर द स्टेशन' याचं मराठी केलं, 'त्याचे वडील स्टेशनजवळच्या छोट्या दुकानात धावतात.' बाकीची पोरं खो खो हसली. त्याचा चेहरा एवढासा झाला.

"तुझे बाबा काय करतात रे?" मी विचारलं.

"वडापावची गाडी चालवतात, बाई."

"ड्रायव्हर आहेत?"

"नाही हो बाई, गाडी लावतात. धंदा चालवतात."

"मग धंद्याला पाय असतात का?"

तो गप्प झाला. वहीकडे बघितलं, 'धावतात' खोडलं, 'स्टेशनजवळच्या छोट्या दुकानात'चं 'स्टेशनजवळचं छोटं दुकान' केलं आणि पुढे लिहिलं, 'चालवतात'. मी त्याला रनचा दुसरा अर्थ सांगितलाच नव्हता.

हे त्याला जमलं, कारण ते त्याच्याजवळ आधीच होतं. आपलं 'चालणे' बघा ना. घड्याळ चालतं, शाळा चालते, कोर्टात केस चालते. कुणाचा संसार कसाबसा चालतो, तर कुणाचं डोकंच चालत नाही. पिक्चर चालला किंवा पडला. आणि कुणी विचारलं, 'उद्या आलो तर?' की आपण म्हणतो, 'चालेल.' यात पायांचा संबंध कुठे आहे? हे सगळे अर्थ आपण कुठल्याही यादीतून शिकलो नाही. फ्रेंच माणूससुद्धा 'मार्शे' म्हणजे चालणे या क्रियापदावरून 'सा मार्श' म्हणतो. यंत्र नीट सुरू असलं तरी तेच, आणि 'चालेल' म्हणायचं असलं तरी तेच. इंग्रजाचं दुकान धावतं, आपलं चालतं. गोष्ट एकच, नुसता वेग वेगळा.

आता रनचा पसारा किती, ते सांगते. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात बरीच वर्षं सर्वांत लांब नोंद 'सेट' या शब्दाची होती. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतही तीच होती. नव्या आवृत्तीच्या कामात रनने सेटला मागे टाकलं. 2011 मध्ये आलेला आकडा असा की, नुसत्या क्रियापदाचेच 645 अर्थ. पीटर गिलिव्हर या कोशकाराला ते लावायला सुमारे नऊ महिने लागले. ज्या शब्दासाठी ऑक्सफर्डच्या माणसाला नऊ महिने लागतात, त्याला आपली गाइडं एका शब्दात उडवतात, आणि पोरगं अडखळलं की आपण पोराला बोल लावतो. याचा मला मनापासून राग येतो.

शब्द इतका का फोफावला, याचं एक कारण यंत्रयुगाशी जोडलं जातं. इंजिनं आली, गिरण्या आल्या, रेल्वे आली आणि इंग्रजीत सगळंच रन होऊ लागलं. ठाणेकरांना हे वेगळं सांगायला नको. 16 एप्रिल 1853 ला पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, आणि शाळेत आपण वाक्य शिकलो की देशातली पहिली रेल्वे 'धावली'. गिरणी चालते, पंखा चालतो, बस चालते, पण रेल्वे मात्र धावते. स्टेशनवर आजही घोषणा होते, 'गाड्या उशिराने धावत आहेत.' उशिरा येणारी गाडी धावते कशी, असं मुलं विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. मला वाटतं, हे धावणं इंग्रजी रनमधूनच आपल्याकडे उतरलं असावं. फलाटावरची माणसं आपसात बोलताना तसं बोलत नाहीत. ती म्हणतात, 'गाड्या लेट चालल्यात.'

पण सगळीकडे 'चालणे' बसवून भागत नाही, आणि खरी मजा तिथेच आहे. नाक रन होतं तेव्हा ते वाहतं. नळ रन होतो तेव्हाही पाणीच वाहतं. मुलांना हे अर्थ विचित्र वाटतात, पण ते पायांच्या धावण्याइतकेच जुने आहेत. जुन्या इंग्रजीत 'रिन्नन' होतं, त्यात वाहणंही होतं आणि धावणंही, आणि जर्मनमध्ये 'रिनेन' म्हणजे आजही वाहणे. धुताना कपड्याचा रंग रन झाला तर आपल्याकडे तो जातो. साखर रन आऊट झाली तर ती संपते. मात्र क्रिकेटमधला रन आऊट मराठीत धावबाद होतो. गाणं एखाद्या कुटुंबात रन होत असेल, तर आपण म्हणतो, त्यांच्या रक्तातच आहे.

निवडणुकीचं उदाहरण मला सर्वांत आवडतं. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, इंग्लंडमध्ये तो 'स्टँड' करतो, आणि आपल्याकडे? उभा राहतो. हे सांगितलं तेव्हा दहावीतली एक मुलगी पटकन म्हणाली, "बाई, म्हणजे इंग्लिशवाल्यांचं आपसातही एक नाही!" नाहीच. हे कळलं की भाषेची भीती निम्मी कमी होते.

म्हणून मी यादी बंद केली आहे. एका क्रियापदाला वहीचं एक अख्खं पान. वर शब्द, खाली फक्त वाक्यं. आणि वाक्य आलं की पहिला प्रश्न, 'इथे रन कोण होतंय?' माणूस किंवा कुत्रा असेल तर धावणे. दुकान, घर, यंत्र असेल तर चालणे किंवा चालवणे. पातळ काही असेल तर वाहणे. 'आऊट ऑफ' चिकटलं असेल तर बहुतेक वेळा काहीतरी संपलंय. शब्दाचा शेजारी बघा, अर्थ तो सांगतो. पोरं घरूनही शब्द वेचून आणतात. सुताराकडे काम करणाऱ्या काकांकडून लांबी मोजायचा 'रनिंग फूट' आला, आजीच्या ओरडण्यातून 'रनिंगमध्ये चढू नको' आलं. नवी मुंबईचं विमानतळ झाल्यापासून 'रनवे' तर सगळ्यांच्याच तोंडी आहे, आणि त्याला पेपरात धावपट्टी म्हणतात हेही त्यांना ठाऊक आहे.

काही पालक विचारतात, एवढा वेळ एका शब्दावर घालवला तर पोर्शन कसा होणार? मी सांगते, दहावीच्या पेपरात न वाचलेला उतारा येतो. तिथे पाठ केलेली यादी हात देत नाही. ज्याला शेजारच्या शब्दांवरून अर्थ काढता येतो, तोच तिथे तरतो. शिवाय गेट, टेक, सेट, मेक, रन अशी थोडीच क्रियापदं आहेत, पण कुठलंही पान उघडा, तीच पुन्हापुन्हा भेटतात. वेळ खर्चायचा तर यांच्यावरच खर्चावा.

आणि पालकांना आणखी एक विनंती. घरी इंग्रजी वाढावं म्हणून मराठी कमी करू नका. ज्या मुलाच्या कानावर भूक लागली, ठेच लागली, बस लागली, निकाल लागला, लग्न लागलं हे सगळं रोज पडतं, त्याला एका शब्दाचे दहा अर्थ असतात याचं नवल वाटत नाही. त्याला रन शिकवणं सोपं जातं. हा माझा रोजचा अनुभव आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही 'गेट' घेणार आहोत. ठाणे, कळवा, ऐरोलीतल्या कुणाकडे मुलांना वाचता येतील अशी सोपी इंग्रजी गोष्टींची पुस्तकं पडून असतील तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन. फक्त गाइडं नकोत.