मजूर मिळत नाही आणि हाताला कामही नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातल्या बेरोजगारीवर मी लिहिलं, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नव्हती, म्हणून चार दिवस घेतले. बाकी वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी सांगतो. तुमच्या सात एकरांत पऱ्हाटी आहे. दिवाळीच्या आसपास कापूस फुटून लोंबत होता, किलोला दहा रुपये कबूल करूनही वेचायला बाया मिळाल्या नाहीत, मग पाऊस आला आणि कापूस भिजला. तुम्ही विचारता, मजूर मिळत नाही तर बेरोजगार आहे कोण? सरकारी आकडा म्हणतो, खेड्यात बेरोजगारी अडीच टक्के. राशन, लाडकी बहीण आणि रोहयोने (रोजगार हमी योजनेने) लोक आळशी झाले, पोरं पारावर मोबाईल घेऊन बसतात. आणि शेवटी : "सेंटरवर बसून फॉर्म भरणाऱ्याला वावर काय कळणार?"

आधी तुमचं जे खरं आहे ते. शेतकऱ्याची ही अडचण माझ्या लेखात आलीच नव्हती, यायला हवी होती. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. किलोला दहा म्हटलं तर क्विंटलमागे हजार रुपये नुसत्या वेचणीत जातात, बियाणं, खत, फवारणी वेगळीच. एवढे देऊनही माणूस मिळू नये, हा जिवाला लागणारा घोर आहे. आमचंही पाच एकर कोरडवाहू आहे, वडील अजून स्वतः डवरणी करतात. सेवा केंद्राचं शटर मी दहाला उघडतो, त्याआधी नि त्यानंतर वावरातच असतो. त्यामुळे आभाळ भरून आलं की घरात कशी शांतता पसरते ते मी दरवर्षी बघतो.

पण मजूर मिळत नाही म्हणजे बेरोजगारी नाही, हे मला पटत नाही. माझ्या मते तुमचं दुखणं आणि मजुराचं दुखणं एकाच मुळातून आलंय. आपल्याकडे काम वर्षभर थोडंथोडं पसरलेलं असायचं, ते आता मोजक्या आठवड्यांत गोळा झालंय. त्या आठवड्यांत सगळ्यांना एकदम माणूस हवा असतो, आणि बाकीचे महिने त्याच माणसाला कोणी हाक मारत नाही.

आमच्या शेजारच्या मावशी रोजीचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवतात, दुधाचा ठेवावा तसा. कामाला गेल्या त्या तारखेखाली पेनाने एक टिंब, पैसे मिळाले की टिंबाभोवती गोल. तुमची प्रतिक्रिया वाचून मी त्यांच्याकडे गेलो आणि त्यांना विचारून गेल्या वर्षाची पानं उलटली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टिंबाशिवाय तारीख शोधावी लागते. एका तारखेखाली तर दोन टिंबं. विचारलं तर म्हणाल्या, "सकाळी सोयाबीनची सोंगणी, दुपारून वेचणी. दोघंही घरी बोलवाले आले होते, कोनाले नाही म्हनू?" मार्चच्या पानावर चार टिंबं आहेत. एप्रिलच्या पानावर एकही नाही, फक्त सिलिंडर आणल्याची तारीख. मेच्या शेवटी तीन, वावरातली धसकटं वेचल्याची. त्यातल्या एका टिंबाभोवती अजून गोल नाही.

तुमच्याकडे बाया आल्या नाहीत ते दिवाळीचं पान. मी लेख लिहिला तो एप्रिलचं पान डोळ्यांसमोर ठेवून.

हे असं कसं झालं, त्यावर जरा थांबून बोलू, कारण आळस हा शब्द वापरला की ही सगळी गोष्ट झाकली जाते. कोरडवाहू पिकांत कापसाइतकं काम देणारं पीक आपल्याकडे दुसरं नव्हतं. जूनमध्ये सरकी टोबायची, नांग्या भरायच्या, दोन-तीन निंदण, खत देणं, आणि दसऱ्यापासून वेचणी. पहिली, दुसरी, तिसरी, मग फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून घेतलेला कापूस. उलंगवाडी, म्हणजे वेचणी पूर्ण संपायला मार्च उजाडायचा. यातलं बहुतेक काम बायांचं. नव्वदच्या दशकापासून सोयाबीन पसरलं. शंभर दिवसांच्या आसपास हाती येणारं पीक : ट्रॅक्टरने पेरलं, तणनाशक मारलं, गुत्त्याने (ठेक्याने) सोंगलं, हडंब्यातून (मळणीयंत्रातून) काढलं, झालं. शेतकऱ्याने ते धरलं यात त्याचं काही चुकलं नाही, दिवाळीला हातात पैसा कोणाला नको असतो? आम्हीही दोन एकर लावतो. पण निंदणाचे नि वेचणीचे दिवस त्या एकरांतून गेले ते गेलेच. कापसातही निंदणाऐवजी फवारा आला.

त्यात २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने यवतमाळसह सगळा कापूसपट्टा झोडपला. तेव्हापासून सांगणं एकच : फरदड घेऊ नका, हंगाम वेळेवर संपवा, पऱ्हाट्या उपटून टाका. सल्ला बरोबर आहे, अळीला उन्हाळ्यापर्यंत खाद्य ठेवलं तर ती पुढच्या वर्षी पुन्हा बसते. पण त्या सल्ल्याबरोबर मावशींची फेब्रुवारी-मार्चची वेचणीही गेली. अळीमुळे शेतकऱ्याचं किती नुकसान झालं यावर खूप बोललं गेलं, मजुराचे किती दिवस बुडाले यावर मी एक ओळ वाचलेली नाही.

पुरुषांचंही तेच. माझ्या लहानपणी गुढीपाडव्याला गावात सालदार ठरायचे. ते जगणं सुखाचं नव्हतं. उचल घेतलेला माणूस वर्षभर बांधला जायचा, आणि ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण सालदाराला बारा महिने काम होतं. आता बैलजोड्या गेल्या, ट्रॅक्टर तासावर येतो आणि माणूस गुत्त्यावर. रोजी वाढली हे तुमचं म्हणणं अगदी खरं. फक्त रोजीला वर्षातल्या किती दिवसांनी गुणायचं, ते विचारायचं राहून जातं.

आता अडीच टक्के. हा आकडा तुम्ही मनाने काढलेला नाही. केंद्राच्या नियतकालिक श्रमबल पाहणीत, ज्याला पीएलएफएस म्हणतात, २०२३-२४ साली ग्रामीण बेरोजगारीचा दर २.५ टक्केच आहे. २०१७-१८ मध्ये तो ५.३ होता. पण हा सगळ्या देशातल्या खेड्यांचा दर. जिल्ह्याचा त्या अहवालात नाही, मग राळेगाव-कळंबचा कुठून असणार? आणि त्याहून महत्त्वाचं, मोजतात कसं ते बघा. या दरासाठी मागच्या ३६५ दिवसांचा विचार होतो. बहुतेक काळ काम केलं तर माणूस रोजगारात. बहुतेक काळ केलं नाही, पण जोडकाम म्हणून ३० दिवस किंवा जास्त केलं, तरी रोजगारात. आठवड्याचा वेगळा दर काढतात, त्यात सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास काम केलेलं पुरतं. मावशींची दिवाळीची दोन पानंच त्यांना वर्षभरासाठी रोजगारात बसवतात. कोरा एप्रिल त्या अडीच टक्क्यांत कुठेच येत नाही.

घरच्या वावरात बिनपगारी राबणाराही रोजगारात धरतात, म्हणजे स्वयंरोजगारात. याच पाहणीत ग्रामीण भागातल्या १५ वर्षांवरच्या बायांचा श्रमबलातला वाटा २०१७-१८ च्या २४.६ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४७.६ वर गेला. सहा वर्षांत जवळपास दुप्पट. मात्र काम करणाऱ्या ग्रामीण बायांमध्ये स्वयंरोजगारातल्या बायांचा वाटाही ५७.७ वरून ७३.५ टक्क्यांवर गेलाय. आपल्या तालुक्यात या काळात बायांना घेणारा कोणता कारखाना निघाला, सांगा. बाया आधीही राबत होत्या, मोजणीत आता आल्या. त्या मोजल्या गेल्या याचा मला आनंदच आहे, पण त्याला नोकऱ्या वाढल्या असं म्हणवत नाही.

जनगणना मात्र आपल्या उपयोगाचा प्रश्न विचारते : वर्षात सहा महिने काम मिळालं का? मिळालं तर मुख्य कामगार, नाहीतर सीमांतिक. २०११ मध्ये देशातल्या काम करणाऱ्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा सीमांतिक होता. आपल्या गावांचं दुखणं त्या रकान्यात आहे.

पारावरच्या पोरांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला सगळ्यांत जास्त लागलं, कारण ती पोरं माझ्या टेबलासमोर बसतात. दिवसा मोबाईल बघताना दिसतो तो पोरगा पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर १६०० मीटर पळून आलेला असतो. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या, अर्ज १७ लाखांहून जास्त. २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या घरात जागा आणि दहा लाखांवर अर्ज. फी खुल्या गटाला १,००० रुपये, राखीवला ९००, म्हणजे आईच्या तीन-चार दिवसांच्या रोजी. कितीतरी फॉर्म मी उधारीवर भरलेत, आई बाजाराच्या दिवशी येऊन पैसे देऊन जाते. प्लास्टिकच्या फाईलमध्ये पोरगा दहावीपासूनचे सगळे कागद घेऊन येतो, आणि जाहिरात उघडली की पगाराआधी वयाची अट वाचतो. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, बारावीला सहा हजार, पदवीधराला दहा हजार विद्यावेतन. काही पोरं लागली, पण ती नोकरी नाही, मुदतीचं प्रशिक्षण आहे. फाईल त्यांनी घरी तशीच ठेवलीय. १५ ते २९ वयोगटात बेरोजगारी २०२३-२४ मध्ये १०.२ टक्के आहे, हाही आकडा त्याच अहवालातला. यातला कोणी तुमच्या वावरात वेचणीला येणार नाही हे खरं. पण त्याला शिकवताना "तुला वावरात राबायला लागू नये" हेच तर आपण सगळ्यांनी सांगितलं. तुम्हीही सांगितलं असेल. मुलीचा बाप दारात आला की पहिला प्रश्न नोकरीचा विचारतो, एकरांचा नंतर.

लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. राशन माणशी पाच किलो. यावर घर चालवून कोणी तीनशे-चारशेची रोजी सोडतं, असं मी पाहिलेलं नाही. एक बदल मात्र झालाय, तो मान्य करतो : लांबच्या वावरात, ऑटोचे पैसे स्वतःचे घालून, आठ-आठ दिवस मजुरी थकवणाऱ्याकडे जायला बाया आता नाही म्हणतात. मला ते योग्य वाटतं. आणि आळशीच म्हणायचं तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या ज्या बाया लेकरं घेऊन तेलंगणात मिरची तोडायला जातात, पुसद-उमरखेडचे जे तांडे ऊसतोडीला जातात, मेळघाटातून जे लोक सोंगणीला खाली उतरतात, त्यांना काय म्हणायचं? गावात बारा महिने काम असतं तर घराला कुलूप लावून कोण गेलं असतं?

रोहयोने तुमचे मजूर पळवले, हे हिशेबात बसत नाही. २०२४-२५ मध्ये तिचा दर दिवसाला २९७ रुपये होता. चांगला हात असलेली बाई ४० किलो वेचते, म्हणजे तिचे ४०० होतात, तेही रोखीने. ते सोडून ती मस्टरवर, म्हणजे रोहयोच्या हजेरीपटावर, कशाला जाईल? आणि दिवाळीत आमच्या गावात मस्टर सुरूच नव्हतं. रोहयो हवी ती मार्च ते मे, आणि नेमकी तेव्हाच ती दिसत नाही. ज्या महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ही हमी देशाला दिली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला, तिथे हे चाललंय याची मला खंत आहे. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत मिळालं नाही तर भत्ता द्यायचा, असं २००५ च्या केंद्रीय कायद्याने ठरवलं. पण त्यासाठी नमुना ४ भरून काम मागावं लागतं आणि तारखेची पावती घ्यावी लागते. गेल्या उन्हाळ्यात बारा बायांचे नमुने मी भरून दिले. पावतीसाठी तीन चकरा झाल्या, काम निघालं तेव्हा मिरग तोंडावर आला होता. चकरा मारणाऱ्यांत मावशीही होत्या, त्यांच्या कॅलेंडरवर त्या दिवसांना टिंब नाही.

प्रतिक्रियेत तुम्ही ओघात एक वाक्य लिहिलंय, ते बहुधा कोणी नीट वाचलं नसेल : पांदण रस्ता चिखलात गेल्यामुळे बायांचा ऑटो तुमच्या वावरापर्यंत येत नाही, म्हणून त्या रस्त्याकडेच्या वावरात आधी जातात. भाऊ, पांदण रस्ते रोहयोतून होतात. उन्हाळ्यात त्या रस्त्याला माती-मुरूम पडला तर तुमच्या गावच्या बायांचा एप्रिल भरेल, आणि दिवाळीला ऑटो तुमच्या धुऱ्यापर्यंत येईल. २६ जानेवारीला तुमच्याकडे ग्रामसभा आहे. तुम्ही रस्ता मागा, बायांना काम मागू द्या. नमुना ४ चे कोरे कागद घेऊन मी येतो, फक्त किती लागतील ते आदल्या दिवशी कळवा.