गच्चीवरचा तंबू

इंदूरमध्ये नवीन वस्तू एकट्याने वापरून बघायची सोय नाही. स्कूटर असो नाहीतर मिक्सर, गल्लीचा अभिप्राय पडल्याशिवाय ती घरची होत नाही. आमच्या राजेंद्रनगरात तर गच्च्या इतक्या लागून आहेत की इथे पापड वाळत घातले तर पापडखार कमी पडल्याचं पलीकडच्या गच्चीवरून कळतं. अशा ठिकाणी मी भर पावसाळ्यात, उघडीप बघून, नवा तंबू घेऊन वर गेलो.

जायचं होतं जानापावला. महूच्या पुढचा हा डोंगर, उंची ८५० मीटरच्या घरात, चंबळ इथूनच निघते. पायथ्याशी बायकोच्या ऑफिसातल्या एकांचं शेत आहे, तिथे एक रात्र. तंबू चार माणसांचा होता. तंबू बनवणाऱ्यांची ही चार माणसं कोण असतात देव जाणे. बहुधा सामान न नेणारी, कूस न बदलणारी आणि एकमेकांवर अतोनात प्रेम करणारी. जाणकार लोक छापील आकड्यातून सरळ दोन वजा करतात. आमच्याबरोबर आत्या येणार असल्याने तीन वजा करायला हवे होते, पण मग मीच बाहेर राहिलो असतो.

स्लॅबमध्ये खुंट्या जात नाहीत. म्हणून दोन कोपऱ्यांना कुंड्या, तिसऱ्याला रिकामा सिलिंडर आणि चौथ्याला आत्याचा पाटा, असा तंबू ताणून उभा केला. लगेच पहिली चौकशी आली.

“क्यों भिया, मंडप किसका?”

मी सांगितलं, कॅम्पिंगला जातोय, पाणी गळतं का ते बघायचंय. पाणी गळतं हे दोन शब्द हवेत जायचा अवकाश, आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसं उगवली. ज्याच्या घराला छप्पर आहे, तो प्रत्येक जण या विषयातला तज्ज्ञ असतो. मंडपाची चौकशी करणाऱ्या भियांनी डांबर सुचवलं. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले समोरचे काका म्हणाले, “स्लॅबला मारतात ते केमिकल मारा, दोन कोट. दहा वर्षं बघायला नको.” दोन कोटांनंतर तंबू घडी न होता जानापावला उभाच न्यावा लागला असता, हे त्यांच्या दृष्टीने किरकोळ होतं.

काकांनी मग लेबल वाचलं. कापड ३००० मिलिमीटर वॉटरप्रूफ. त्यांनी मनात हिशोब केला आणि म्हणाले, “इंदूरचा पाऊस वर्षाला हजाराच्या आसपास. म्हणजे तीन वर्षं तुम्हाला काळजीच नाही!”

त्या आकड्याचा पावसाच्या मापाशी काही संबंध नाही. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ चढवत जातात आणि कितव्या उंचीला खालून थेंब फुटतात ते मोजतात. ३००० म्हणजे तीन मीटर उंच पाण्याचा दाब. छपराला १५०० सुद्धा चालतं, तळाला जास्त लागतं, कारण तिथे माणूस गुडघे टेकतो आणि सगळं वजन दोन गुडघ्यांवर येतं. हे मी समजावून सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, “तेच तर मी म्हणतोय.”

खरं तर त्या आकड्याची एवढी पूजा करायचं कारणच नाही. कापड सहसा गळत नाही, शिवण गळते. सुई जिथे जिथे गेली तिथे तिथे भोक आहे. कारखान्यात आतून पट्टी चिकटवतात, पण दोऱ्या बांधायचे बंद, खिडकीचे कोपरे अशा अवघड जागी ती पट्टी हमखास कंटाळलेली असते. उन्हं असताना आत बसून वर बघितलं की बारीक भोकं चांदण्यांसारखी चमकतात. चिरंजीवांना त्या कामाला बसवलं. त्यांनी आत मोबाईल नेला आणि एकही भोक नसल्याचा अहवाल दिला.

तेव्हा पाण्याची परीक्षा घेणं आलं. आणि इथे आत्या उभी राहिली.

“नर्मदा ओतून राहिला का रे तू तंबूवर?”

नर्मदेचं पाणी शहरात १९७८ साली आलं. त्याआधीच्या बादल्या आणि भांडणं आत्याला तोंडपाठ आहेत. नर्मदाकाठच्या जलूदहून ७० किलोमीटर पंपांनी चढवून आणलेली, तीही एक दिवसाआड येणारी नदी पुतण्याने छपरावर उधळावी, हे तिच्या हयातीत शक्य नव्हतं. शेवटी तह झाला. पाइप नाही, झारी. गच्चीच्या पन्हळीखाली टब लावायचा आणि जमलेलं पाणी कुंड्यांना घालायचं. तह मला सोयीचाच होता. पाइपचा फवारा चेनच्या फडक्याखाली उलटा घुसतो, जिथे पाऊस कधी जाणार नाही, आणि निर्दोष जागा गुन्हेगार ठरते. झारीने वरून, सावकाश, बराच वेळ ओतायचं.

आत तळावर नईदुनियाचे जुने अंक पसरले. कागदावर थेंब पडला की डाग दिसतो आणि वर बघितलं की गुन्हेगार सापडतो. पहिला डाग ‘वधू चाहिए’च्या रकान्यावर, बरोबर खिडकीच्या बंदाखाली उठला. चिरंजीव आतून ओरडले, “बाबा, सॉफ्टवेअर इंजिनिअर भिजला!” गच्च्यांवर टाळ्या झाल्या.

शिवणीवर लावायचं रसायन आणायला सियागंजात गेलो. दुकानदाराने सिलिकॉनची नळी पुढे केली. “सब पे चलता है.” नाही चालत. आमच्या कापडावर पॉलियुरेथेनचा थर आहे, त्यावर पॉलियुरेथेनचंच रसायन बसतं. सिलिकॉन सिलिकॉनच्या कापडावर. या दोघांचं एकमेकांशी अजिबात जमत नाही, एकावर दुसरं लावलं की सालपटं निघतात. दुकानदाराने माझ्याकडे दयेने बघितलं आणि नळी परत ठेवली. हवं ते ऑनलाइन मागवलं. स्पिरिटने शिवणी पुसल्या, जुन्या ब्रशने पातळ हात फिरवला, रात्रभर वाळू दिलं. वाळल्यावरही ते स्वतःलाच चिकटतं, म्हणून वरून टाल्कम पावडर. घरात चंदनाचीच पावडर होती. आता तंबूला देवघराचा वास येतो आणि आत्या आत शिरताना चप्पल काढते.

पुन्हा झारी, पुन्हा अंक. सगळे इंजिनिअर कोरडे राहिले.

ओला तंबू गुंडाळला तर बुरशी धरते आणि आतला थर पुढे चिकट होऊन कुजका वास मारतो, म्हणून तो दिवाणखान्यात पंख्याखाली उभा केला. सोफा स्वयंपाकघराच्या दारात गेला. पोह्यांना आलेले पाहुणे तंबूत बसले, पोह्यांवर भुरभुरायची जिरावण आत मागितली गेली. आत्याने दुपारी आतच पडून बघितलं आणि वरच्या हवेच्या खिडक्या बंद करायचा हुकूम काढला, वारं लागतं म्हणून. बंद केल्या तर रात्री आपल्याच श्वासाची वाफ कापडावर जमून टपकते, हे मी सांगितलं. “माझ्या श्वासात कसलं पाणी?” असं म्हणून तिने खिडकी ओढून घेतली.

निघायच्या दिवशी तंबू पिशवीत घालण्यावरून थोडी शब्दाशब्दी झाली, पण शेवटी गेला. डिकीत मात्र जागा नव्हती. तिथे शेवेचे डबे, पोह्यांची पिशवी, स्टोव्ह, दोन गाद्या आणि पाटा होता.

“पाटा कशाला, आत्या?”

“चौथा कोपरा काय तू धरून बसणार?”

तंबू मी मांडीवर घेतला.