गॅदरिंगचा ड्रेस आणि पोरीचं माप

डिसेंबर-जानेवारी आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर गॅदरिंगच्या ड्रेसवरून दरवर्षी वाद होतो. यंदा ताईच्या धाकटीला कोळीनृत्यात घेतलंय, आणि शाळेने सांगितलंय की अमुक दुकानातूनच ड्रेपरी आणायची, भाडं सहाशे, डिपॉझिट वेगळं. ताई म्हणते पाच मिनिटांच्या नाचाला एवढे पैसे कशाला, दाजी म्हणतात स्टेजवर सगळ्या पोरी सारख्या दिसायला नकोत का, आणि काकांचं म्हणणं की हे ड्रेसचं प्रकरणच बंद करा, युनिफॉर्मवर नाचू दे पोरांना. तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे पण ती पोरगी त्या ड्रेसमध्ये धड वाकू शकते का, हात वर केला की ब्लाऊज वर सरकतो का, हे शंभर मेसेजमध्ये एकानेही विचारलं नाही.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. माझी लेक बॅलेच्या क्लासला जाते आणि मराठी मंडळाच्या गणपतीत लेझीमही खेळते, आणि दोन्हीकडचे तिचे कपडे मी घरातल्याच वापरातल्या कपड्यांतून शिवतो, माझे टीशर्ट, बायकोच्या ओढण्या, आईच्या जुन्या साड्या, जे हाताशी असेल ते. मी मूळचा इचलकरंजीचा. आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला आणि तेव्हापासून गाव कपड्यावरच जगतंय, त्यामुळे पोपलीन कुठलं, कॅम्ब्रिक कुठलं हे आमच्याकडे पोरं हात लावून सांगतात. आई घरीच शिवण क्लास घ्यायची, तिथेच मशीनच्या पायडलशी बसून मी टीप मारायला शिकलो.

पैसे वाचतात म्हणून मी शिवतो असं नाही, ते आधी स्पष्ट करतो. इथे लहान मुलीचा साधा लिओटार्ड, म्हणजे बॅलेला घालतात तो अंगाला घट्ट बसणारा एकसंध कपडा, दहा-बारा पौंडात मिळतो आणि माझा वेळ धरला तर घरी शिवलेला त्याहून महागच पडतो. अडचण अशी की रेडिमेड मापं वयावर असतात, ५ ते ६, ७ ते ८, आणि माझी लेक उंच आणि किडकिडीत, म्हणजे उंचीला बसेल तो घेतला की छातीत ढगळ आणि खांद्यावरून पट्टी घसरते, आणि छातीला बसेल तो घेतला की खाली काचतो, मग ती सगळा तास एका हाताने ड्रेस ओढत राहते आणि तिचं नाचात लक्ष राहत नाही.

लिओटार्डला सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे एका खांद्यापासून टेप सोडायची, पुढून दोन पायांच्या मधून नेऊन मागून परत त्याच खांद्यापर्यंत आणायची. हे माप चुकलं की बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. आणि हे वयावरून कधीच कळत नाही, पोराला समोर उभं करूनच घ्यावं लागतं. कापड म्हणून माझा जुना टीशर्ट, पण नुसता सुती नाही, ज्यात थोडं लायक्रा आहे तो, कारण नुसती सुती होजिअरी ताणली की ताणलेलीच राहते आणि दोन तासांत बुडाला फुगे येतात. ताण आडवा यायला हवा, म्हणजे छातीभोवती. तिचा नीट बसणारा बनियन आणि चड्डी टीशर्टवर ठेवून खडूने आखून घ्यायचं. होजिअरीला बॉलपॉइंट सुई लागते, ती धाग्यांच्या मधून जाते, साधी सुई धागा तोडते आणि मग बारीक भोकं पडत जातात. टीप झिगझॅग मारायची, सरळ टीप मारली तर पोरीने पाय फाकवला की कटकन तुटते.

बॅलेचा गुंडाळायचा स्कर्ट तर जॉर्जेटच्या ओढणीतून इतका सुंदर होतो की दुकानातला त्याच्यापुढे काहीच नाही. कंबर ५२ सेंटिमीटर, त्यात एकावर एक येण्यासाठी २० धरले की ७२, त्याला ६.२८ ने, म्हणजे ३.१४ च्या दुपटीने, भागलं की साधारण साडेअकरा सेंटिमीटर त्रिज्येचं आतलं वर्तुळ. त्यापुढे २५ सेंटिमीटर लांबी धरली तरी ओढणीच्या पन्ह्यात आरामात बसतं. कापल्यावर लगेच खालची दुमड घालायची नाही, रात्रभर टांगून ठेवायचं, कारण गोलात जिथे कापड उरेप, म्हणजे तिरकं, येतं तिथे ते लोंबतं आणि मग एक बाजू लांब दिसते. सकाळी सारखं करून घ्यायचं आणि बारीक दुमड मारायची. क्लासच्या बाईंनी एवढंच सांगितलं होतं की रंग गुलाबी हवा आणि लोंबत्या नाड्या नकोत. कुठून आणा हे सांगितलं नाही. ही गोष्ट मला फार आवडली, आपल्या शाळांनी घ्यावी अशी आहे.

आता लेझीम. परदेशातली बरीच मंडळी पुण्याहून लहान मुलींची शिवलेली नऊवारी मागवतात, दिसायला झकास असते, काठ चमकतो, पण बहुतेकांचं आसन, म्हणजे दोन पायांच्या मधला भाग, आखूड असतं. लेझीम म्हणजे बसणं, उडणं, पाय फेकणं, आणि आसन आखूड असलं की पोरगी अर्धीच बसते. म्हणून मी आईची एक जुनी सुती इरकल घेतली, आसनाला चांगला मोकळा तुकडा घातला, कमरेला नेफा करून इलॅस्टिक, काठ पुढे निऱ्यांवर आणि मागे काष्ट्यावर येईल असा बेत, आणि पदर वेगळा करून हुकने ब्लाऊजला अडकवला. सुती जुनी साडी दहा वर्षं धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली असते की नवीन कापडाला ती सर येतच नाही, आपल्याकडे तान्ह्या बाळाची दुपटी जुन्या साडीचीच करतात ते उगाच नाही.

यावर घरून दोन आक्षेप आले. पहिला मावशीचा, साडीला कात्री लावू नये. हा मी मनापासून ऐकला, आणि पैठणीला किंवा लग्नातल्या शालूला मी कधीही कात्री लावणार नाही. पण जी इरकल विरली म्हणून ट्रंकेत पडून होती आणि पुढे गोधडीतच जाणार होती ती नातीच्या अंगावर नाचली तर त्यात वाईट काय. दुसरा आक्षेप ऑनलाइन नेहमी वाचायला मिळतो की शिवलेली नऊवारी ही खरी नऊवारीच नाही, नेसायलाच शिकवलं पाहिजे. मोठ्या मुलींना जरूर शिकवा, माझ्या बायकोला येते आणि लेकीलाही ती शिकवणारच. पण सहा-सात वर्षांच्या पोरीला आठ मीटर कापड गुंडाळून उड्या मारायला लावणं मला पटत नाही. भरतनाट्यमचा पंख्यासारखा उघडणारा जो शिवलेला पोशाख आज आपण परंपरा म्हणून बघतो तोसुद्धा विसाव्या शतकात रूढ झाला, १९३६ साली मद्रासला कलाक्षेत्र सुरू करणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा त्यात मोठा वाटा. नाचणाऱ्या अंगासाठी कपडा बदलणं ही आपल्याकडची जुनीच रीत आहे.

दाजींचा मुद्दा, सगळ्या सारख्या दिसायला हव्यात, तो मी सोडून देत नाही. समूहनृत्यात रांग दिसावी लागते हे खरं आहे. पण रांग रंगाने दिसते. आमच्या मंडळात आम्ही हिरवी साडी, लाल ब्लाऊज एवढंच ठरवलं, कुणाची इरकल, कुणाची आजीची सहावारी कापलेली, कुणाची विकतची, लांबून एकसारखं दिसलं आणि जवळून प्रत्येकीचं वेगळं.

एकाच ठिकाणाहून सगळ्यांचे कपडे, याचा मोठा अनुभव तर महाराष्ट्राने नुकताच घेतलाय. सरकारी शाळांसाठी ‘एक राज्य एक गणवेश’ आणला, २०२४-२५ मध्ये कापड वरून आलं, शिलाई बचत गटांकडे दिली, आणि अर्धं वर्ष सरलं तरी गणवेश मिळाले नाहीत, मिळाले ते मापात नाहीत अशा तक्रारी गावोगाव झाल्या, शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. शिवणाऱ्या बायकांना मी दोष देणार नाही, त्यांच्यासमोर पोरं उभीच नव्हती तर त्या काय करणार. माप जितकं लांबून घ्याल तितका कपडा चुकतो, गणवेश असो की नाचाचा ड्रेस.

मात्र इथलं सगळं चांगलं आणि तिकडचं वाईट असं चित्र मला रंगवायचं नाही, कारण ते खोटं आहे. ड्रेपरीवाल्याचा एक कोळी ड्रेस वर्षानुवर्षं शेकडो पोरांच्या अंगावर जातो. इथे मात्र हॅलोवीनला एका रात्रीसाठी विकत घेतात आणि टाकतात. २०१९ साली फेअरीलँड ट्रस्ट आणि हबब या दोन संस्थांनी १९ दुकानांतले ३२४ हॅलोवीनचे पोशाख तपासले, त्यांतलं ८३ टक्के मटेरियल प्लॅस्टिकचं निघालं. त्या मानाने आपली भाड्याची पद्धत कितीतरी शहाणी, फक्त ड्रेस पोराला घालून बघून द्यायला हवा आणि मधे धुवायला हवा. आणि इथल्या आयाही वैतागतातच, मार्चमध्ये वर्ल्ड बुक डे आला की पुस्तकातलं पात्र बनवून पाठवायचं असतं, आदल्या रात्री अकरा वाजता पुठ्ठे कापत बसलेली घरं मला माहीत आहेत.

म्हणूनच ताईने जे विचारलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ती म्हणाली, तू शिवतोस कारण तुला येतं आणि शनिवार-रविवार सुट्टी असते, मी बँकेतून सात वाजता येते, मी कधी शिवू? घरी शिवा म्हणणं सोपं आहे आणि ते काम शेवटी आईच्याच गळ्यात पडतं, हे मला मान्य आहे. पण ताईकडे एक गोष्ट आहे जी माझ्याकडे नाही. तिच्या गल्लीच्या तोंडाशी ब्लाऊज शिवणाऱ्या काकू बसतात. इथे साधी चेन बदलायला दिली तर कधीकधी नव्या पँटएवढे पैसे मागतात, म्हणून लोक दुरुस्त करण्याऐवजी फेकतात आणि म्हणूनच मी मशीन घेतलं. तिकडे घरातली जुनी साडी आणि पोरगी दोन्ही घेऊन काकूंकडे गेलं, समोर माप दिलं, की दोन दिवसांत अंगाला बसणारा कपडा होतो, जे सहाशे भाड्यात गेले असते त्यातलेच शिलाईला जातात, आणि काष्टा पुढच्या वर्षी उसवून वाढवता येतो, आत तीन बोटं शिल्लक ठेवायला सांगायची फक्त.

शाळांकडे माझं मागणं एवढंच की नोटीस दिवाळीची सुट्टी संपल्याबरोबर काढा, त्यात रंग लिहा, लांबी गुडघ्यापर्यंत की घोट्यापर्यंत ते लिहा, कापड शक्यतो सुती असं लिहा, आणि घरचा चालेल हे स्वच्छ लिहा. दिव्यांचा नाच असेल तर ओढणी पिन करून पाठवा आणि नायलॉन नको हेही लिहा, नायलॉन वितळून अंगाला चिकटतं आणि सुती कपडाही पेट घेतोच, त्यामुळे खरं तर बॅटरीचे दिवेच वापरावेत. ज्यांना भाड्याचा हवा त्यांनी भाड्याचा आणावा. दुकानाचं नाव नोटिशीत नको. ताईच्या शाळेची पालकसभा शनिवारी आहे, तिला मी हे सगळं लिहून पाठवलंय, ती बोलणार आहे म्हणते.