न पाहता शिफारस करण्याची कला

दर शनिवारी संध्याकाळी, शेवभाजीचा रस्सा चुलीवर उकळत असताना, 'या आठवड्यात काय पाहावे' याची यादी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणे हे आता सुशिक्षित खान्देशी माणसाचे कर्तव्य झाले आहे. आपणही ते अंगावर घ्यावे. त्यासाठी काही पाहण्याची गरज नाही. उलट, पाहिल्याने मत बनते आणि मत बनले की शिफारस लांबते.

मालिकेपासून सुरुवात करावी. पहिला भाग दीडपट वेगाने, जेवता जेवता, निम्मा पाहावा आणि 'तिसऱ्या भागानंतर पकड घेते' असे लिहावे. आपल्यावर विसंबणाऱ्याने तोवर वर्गणी भरलेली असते, त्यामुळे तोही पुढे हेच वाक्य चार जणांना ऐकवतो.

अभिनयाचा विषय निघाला की स्मिता पाटील यांचे नाव घ्यावे. वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, म्हणजे त्या 'आपल्याच'. चित्रपटांआधी त्या मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत आणि 'भूमिका' व 'चक्र' या दोन चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, एवढे पाठ असले की भागते. कोणता प्रसंग आवडला असे कोणी विचारलेच, तर चहा टाकायला उठावे. मात्र राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी जळगावात भरली असता तिकडे मुळीच फिरकू नये. तिकीट इतके स्वस्त असते की प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि दिवसभर बँकेत पासबुके भरणारा माणूस केसांना पावडर चोपडून परीक्षक व रिकाम्या खुर्च्यांसमोर म्हातारा बाप उभा करतो, हे जवळून पाहिल्यास मोठ्या पडद्यावरच्या थोरांविषयी लिहिताना हात थोडा अडखळतो.

मुलांच्या खेळांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. आठ वर्षांच्या पोराला क्रिकेट अकादमीत घालून वर्षभर नेटमध्ये उभे करणाऱ्या बापाला विजेत्यांवरचे माहितीपट जरूर सुचवावेत. एकाच खेळाला वाहून घेणे पंधरा-सोळा वर्षांच्या वयापर्यंत लांबवावे, असा अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा २०१६ सालचा सल्ला आहे. तो कळवू नये, बापाचा उत्साह मावळतो.

मी स्वतः गेल्या हंगामात खो-खोवर लिहिले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवले, हे वाक्य मी इतक्या आवेशाने लिहिले की ग्रुपवर एकवीस बदाम पडले. त्याच सकाळी अमळनेरला चौदा वर्षांखालील मुलांचे तालुकास्तरीय सामने होते आणि माझा भाचा तिसऱ्या तुकडीत संरक्षक होता. जळगावहून गाडीने तासाभराचे अंतर. पण यादी पूर्ण व्हायची होती.

संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. कोपरापासून मनगटापर्यंत चुना, गुडघ्याला हळद लावलेली, आणि खांबाजवळ सूर मारणाऱ्या गड्याला आपण कसे चकवले हे तो खाटेच्या भोवती पळून दाखवत होता. मधेच थांबून अहिराणीत म्हणाला, "मामा, तू उना नही." म्हणजे, आला नाहीस.

मी त्याला लगेच दिल्लीच्या अंतिम सामन्याची लिंक पाठवली. पाहण्यासारखा आहे म्हणतात.